आवळा आणि कोहळा

मे महिन्यात नागपुरात लग्न काढणाऱ्या माणसांबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. ती इथे लिहीत नाही, कारण यंदाचं लग्न माझ्याच नणंदेच्या लेकीचं होतं आणि नणंद मी लिहिलेलं वाचते.

सुरुवात टेलरपासून झाली. हळदीसाठी ड्रेस शिवायला म्हणून गोकुळपेठेत गेले. आमचा टेलर माप घेताना आकडे मोठ्याने बोलतो आणि मशीनवर बसलेला पोरगा ते वहीत लिहितो. "कंबर छत्तीस," तो म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना वहीची पानं मागे उलटून म्हणाला, "मागच्या वेळी तेहतीस होती, ताई." मागची वेळ म्हणजे कोरोनाच्या आधीची. घरात तेल किती लागतं, गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरतं, सगळ्याचा हिशेब मी ठेवते. हा एक हिशेब मात्र परस्पर टेलरच्या वहीत चालू होता.

घरी पोचेपर्यंत फोनला ही बातमी लागलेली. एक बाई काळ्या पट्ट्यात कंबर करकचून उभी होती आणि श्वास न घेता हसत होती. त्या पट्ट्याचं नाव कॉर्सेट. घाला, आवळा, बारीक व्हा. मी मागवला. का, ते विचारू नका. रात्री साडेअकराला माणूस फोनवर जे करतो त्याला कारण नसतं.

चार दिवसांनी खोकं आलं. आतली वस्तू काळ्या साटिनची होती, पण हातात घेतली तर कापडापेक्षा तव्याच्या जातीची वाटली. उभ्या बारा शिवणी आणि प्रत्येक शिवणीच्या पोटात स्टीलची एक चपटी पट्टी. पुढे एका बाजूला खुंट्या, दुसऱ्या बाजूला त्या अडकवायच्या कड्या. मागे छिद्रांच्या दोन रांगा आणि त्यांतून बुटाच्या लेससारखी ओवलेली गोल दोरी. ती इतकी लांब की चार पायजम्यांना नाड्या झाल्या असत्या. गंमत अशी की ही दोरी वरून खाली सरळ जात नाही. वरून अर्धी येते, खालून अर्धी येते आणि बरोबर कंबरेशी तिचे दोन फासे बाहेर राहतात. ओढायचं ते या फाशांना. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला आवळायची सोय आहे, पण ती नुसती म्हणायला. पाठीमागे एक माणूस लागतोच. जुन्या काळी मडमांच्या मागे आया असायच्या. माझ्या मागे बारावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली लेक होती.

"आई, श्वास सोड नं."

"सोडला."

"मग आता घेऊ नको."

तिने ओढलं आणि टेप लावली. बत्तीस! छत्तिसाचे बत्तीस, तेही पाच मिनिटांत. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. मग आरशात पाहिलं. कोहळा कुठेच गेलेला नव्हता. थोडा वर सरकला होता, थोडा खाली, आणि पाठीवर काखेखाली दोन नवे, आजवर ओळख नसलेले कोहळे उगवले होते.

विज्ञानही तेवढंच सांगतं. पट्ट्याने चरबी वितळत नाही. घाम निघतो, तो पाणी प्यायलं की परत येतो. आतली चरबी, म्हणजे आतड्यांभोवतीची आणि डॉक्टर जिला खरी घाबरतात ती, तर दोरीच्या हाती लागतच नाही. दबतं ते जे दबण्यासारखं असतं तेच: जठर, आतडी, आणि जो खाली सरकल्याशिवाय पुरता श्वास येत नाही तो छाती-पोटामधला पडदा. त्या पडद्याला जागा उरली नाही की माणूस छातीच्या वरच्या मजल्यावरच श्वास घेतो. विलायतेतल्या बायका ऊठसूट मूर्च्छित व्हायच्या ते आपण नाजूकपणाचं लक्षण समजत आलो. बिचाऱ्यांना हवा कमी पडत होती.

त्या दोन-तीन रात्री मी कॉर्सेटबद्दल इतकं वाचलं की पट्ट्यापेक्षा वाचनानेच बारीक व्हायला हवी होते. आधी आत स्टील नसायचं, 'व्हेलबोन' असायचं. नावात बोन असलं तरी ते हाड नव्हे. काही जातींच्या देवमाशांना दात नसतात, त्यांच्या तोंडात समुद्राचं पाणी गाळायला कंगव्यासारखी झालर असते, आपल्या नखांच्याच पदार्थाची. एवढा थोरला प्राणी मारायचा, त्याच्या तोंडातली गाळणी काढायची आणि ती बाईच्या कंबरेला लावायची. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर १९०८ मध्ये लुडोविक ओ'फॉलोवेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कॉर्सेट घातलेल्या बायकांचे एक्स-रे काढून छापले. त्यांत खालच्या बरगड्या मिटत आलेल्या छत्रीसारख्या आत ओढलेल्या दिसतात. आणि इंग्लंडात एथेल ग्रेंजर म्हणून एक बाई होत्या. त्यांची आवळलेली कंबर तेरा इंच भरली आणि गिनेस बुकात गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन आमच्या तांब्याच्या पोटाला टेप लावली. सोळा इंच.

आपल्याकडे येऊन तरी इंग्रजांनी शहाणं व्हावं? नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ ची. तिथे मे महिन्यात, पंखा ओढणाऱ्या पोराच्या भरवशावर, त्या मडमा कॉर्सेट घालून बसत असतील या कल्पनेनेच माझा कूलर कमी पडू लागतो. त्यांचे शिपाईही काही मोकळे नव्हते. त्यांना फ्लॅनेलचा पट्टा पोटाला गुंडाळायला लावायचे, त्याचं नावच 'कॉलरा बेल्ट'. पोटाला गारवा लागला की पटकी होते, हे त्यामागचं शास्त्र. १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने कोलकात्यात पटकीचा जंतू पक्का केला, तो पाण्यातून पोटात जातो हेही कळलं. तरी पट्टे सुटले नाहीत, पुढे कितीतरी वर्षं शिपाई ते बांधत राहिले. पोट बांधलं की बरं असतं, ही समजूत कुठल्याही जंतूपेक्षा चिवट आहे.

आमच्या घरात ती सासूबाईंकडे आहे. मी आवळलेल्या अवस्थेत दिवाणखान्यात आले तेव्हा त्या टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "कायले जीव आवळून राहिली व माय?" मग एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं बाळंतिणीचं पोट बांधणं झालं. आता काय उपयोग?"

आणि मला ते सगळं आठवलं. अठरा वर्षांपूर्वी, मालिश करणारी मावशी, खोलीत शेगडीचा धूर आणि ओव्याचा वास. सासूबाईंच्या आईचं एक जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. मावशी मला उताणी निजवायची, गुडघे वर घ्यायला सांगायची आणि खुब्यांपासून सुरुवात करून वर वर गुंडाळत यायची. प्रत्येक वेढ्याला हाताने पोट वर लोटायचं, मग कापड ओढायचं. शेवटचं टोक खोचलं की पाठीला कुणीतरी हात दिल्यासारखं वाटे. त्याने पोट गेलं का? टेलरची वही बघा. पण ढिली पडलेली मी उठून बसू शकत होते, हे खरं. आणि जरा काचलं की मावशी सोडून पुन्हा बांधायची. लुगड्याला स्टील नव्हतं, त्याला आपलं म्हणणं ऐकू जायचं.

कंबरेला काहीतरी बांधल्याशिवाय आपण कुणाला मोठं होऊच देत नाही म्हणा. बाळाला आधी काळा करगोटा. तो काचायला लागला की आई समजते, लेकरू अंगी लागलं. वजनकाटा घरोघरी यायच्या आधी तोच वजनकाटा. माझ्या सासऱ्यांच्या कंबरेला चांदीचा होता. दर काही वर्षांनी ते इतवारीत सराफाकडे जाऊन त्यात दोन कड्या वाढवून आणत आणि घरी येऊन ते समाधानाने सांगत. छत्तिसाची कंबर माझ्या वाट्याला शरम म्हणून आली. त्यांच्या वाट्याला ती चांदी म्हणून आली होती.

आणि कंबर होती कामाची. कनवटीला पैसे, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची चंची. भाषेतही आपण कंबर कसतो ती काहीतरी करायला निघताना. कासोटा घालून, पदर खोचून बाई विहिरीवर गेली, धान कापायला वाकली, प्रसंगी घोड्यावर बसली. मी कंबर कसली आणि खाली पडलेली सेफ्टी पिन मला उचलता येईना. ती मी पायाच्या अंगठ्याने सोफ्याखाली सारली.

तरी लग्नाच्या दिवशी घातलाच. साडीच्या आत. पैसे दिलेले होते. बाहेर चव्वेचाळीस अंश, हॉलमध्ये चार जम्बो कूलर, आणि ते चारही नवरदेवाकडच्यांच्या तोंडाशी. पहिला तासभर माझी तारीफ झाली, खोटं कशाला बोलू. "बारीक झालीस" हे वाक्य मी सातदा ऐकलं, मोजून. मग अक्षता पडल्या आणि नमस्कारांचा कार्यक्रम सुरू झाला.

याचा विचार मी केलाच नव्हता. आपल्या लग्नात सुनेला दोन तासांत निदान तीस माणसांपुढे वाकावं लागतं. पहिल्याच होत्या आत्येसासूबाई, वर्ध्याच्या, वय ब्याऐंशी, मानापानाच्या बाबतीत स्मरणशक्ती शाबूत. मी वाकायला गेले, स्टीलच्या बारा पट्ट्यांनी नकार दिला, आणि माझा हात त्यांच्या गुडघ्याच्या वरच अडकला. मी तिथेच मांडीला हात लावून तो कपाळाला नेला. त्यांनी आशीर्वाद दिला, पण तोही अर्धाच. मग शेजारच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "आजकाल नमस्कार वरूनच पार्सल होते."

पुढे वडाभात आला. वाफाळता भात, त्यात कुस्करलेले डाळीचे वडे, वर मिरचीच्या फोडणीचं तेल. चार घास गेले आणि पाचवा वर यायचा विचार करू लागला. जठर दाबलेलं असलं की अन्नाला एक वाट बंद आणि दुसरी उघडी असते. मी सासूबाईंकडे नुसतं पाहिलं. त्या पान ठेवून उठल्या आणि मला नवरीच्या खोलीत घेऊन गेल्या.

घामाने दोरीची गाठ फुगली होती. त्यांनी नखाने पाहिलं, केसातला आकडा घालून पाहिला, मग चष्मा कपाळावर सरकवून दातांनी सोडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचे दात, आणि तेही तिचे स्वतःचे. दोरी ढिली झाली तसा श्वास थेट बेंबीपर्यंत उतरला. कातडीवर बारा उभे वळ आणि कंबरेभोवती एक आडवा. त्यांनी आडव्या वळावरून बोट फिरवलं. "हा असा माझ्या आईलेही होता. काळा पडला होता पार. लुगड्याची गाठ."

घरी आल्यावर त्या बोटापाठोपाठ मी गेले आणि एक खरोखरच वाईट गोष्ट सापडली. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकीकत छापली आहे. एक सत्तर वर्षांची, कंबरेच्या उजव्या अंगाला दीड वर्ष न भरलेली जखम, कारण परकराची आवळलेली नाडी. दुसरी लुगडं नेसणारी, परकर नाही, चाळीस वर्षं गाठ कंबरेला. एकाच जागी काचून काचून कातडी झिजते, रंग जातो, जखम होते, भरते, पुन्हा होते, आणि क्वचित कुणाच्या बाबतीत तिथे कर्करोग धरतो. दोघींच्याही तो धरला होता. 'साडी कॅन्सर' हा शब्द १९४५ चा, आणि त्यात धोतरवालेही धरलेले. तेव्हा मडमांना हसताना मी जरा जपून हसते. आपली कंबर कामाची होती, म्हणून ती काचत नव्हती असं नाही. तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता एवढंच.

डॉक्टरांनाही माझी कंबर हवीच आहे, पण ढिली. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०, त्याच्या आत असलं की बरं. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचं टोक यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सहज सोडून. पोट आत ओढून नाही. माझे ९१ भरतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाल भागातून मारबत, म्हणजे गावची रोगराई घेऊन जाणारा पुतळा, मिरवणुकीने निघते तेव्हा "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणताना मी यंदा हळूच अकरा सेंटिमीटरही जोडणार आहे. तोवर संध्याकाळी अंबाझरीला चालायला जाते. आठवड्यातून चार दिवस. बरं, तीन.

कॉर्सेट कपाटात आहे. दोरी तेवढी काढून घेतली, चांगली मजबूत होती. सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमच्या परकराला नाडी करू?" त्यांनी ती अंगठा आणि बोटात धरून फिरवली आणि परत दिली.

"गोल नाडी रुतते. मले चपटी लागते, बोटभर रुंद. आणि हे घे, माझ्या दोन परकरांची गाठही ढिली करून ठेव."

ती दोरी आता बाल्कनीत आहे. उन्हाळ्याची हिरवी जाळी त्याच दोरीने गजांना बांधली आहे. परवाच्या वावटळीत शेजाऱ्यांची जाळी उडून रस्त्यापलीकडे गेली. आमची जागची हलली नाही.