थंड समुद्रातील कयाक-प्रवासाची बांधाबांध

अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड या आखातात कयाकने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होडीने, चार-पाच दिवस हिंडायचे असेल, तर व्हिटियर या छोट्या बंदरातून निघणे सोयीचे पडते. अँकरेजहून तिथे मोटारीने जाताना सुमारे ४ किलोमीटर लांबीचा एकेरी बोगदा लागतो. त्यातून मोटारी आणि आगगाडी आळीपाळीने जातात आणि रात्री तो बंद असतो; त्यामुळे काही राहून गेलेच, तर ते आणायला मागे फिरणे सोपे नसते. ब्लॅकस्टोन बेसारख्या फ्योर्डमध्ये (डोंगरकड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत) शिरल्यावर तर दुकान नाही, रस्ता नाही, आणि हिमनद्यांजवळच्या पाण्याचे तापमान भर जुलैतही १० अंशांच्या बरेच खाली असते.

म्हणून माझ्या मते बांधाबांधीची सुरुवात पिशव्यांपासून नव्हे, अंगापासून करावी. अशा पाण्यात माणूस पडला की पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि साधारण दहा मिनिटांत बोटांतली ताकद जाते. हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या झाकणबंद कप्प्यात, ठेवलेले उत्तमातले उत्तम सामान त्या वेळी काहीच कामाचे नसते. कपडे हवा पाहून न निवडता पाणी पाहून निवडायचे, म्हणजे ऊन पडले असले तरी ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, घालायचाच. ड्रायसूट पाणी अडवतो, ऊब मात्र देत नाही; ती आतल्या मेरिनो लोकरीच्या किंवा फ्लीसच्या थरांतून मिळते, आणि सुती कपडा ओला झाला की उलट अंगातली ऊब खेचून घेतो. ड्रायसूटच्या मनगटाचे आणि गळ्याचे लॅटेक्सचे पट्टे हा त्याचा नाजूक भाग. नखाने ते फाटू शकतात आणि तेलकट मलमाने खराब होतात, म्हणून दुरुस्तीची चिकटपट्टी बरोबर असावीच. सूट चढवल्यावर उकिडवे बसून, गळ्याच्या पट्ट्यात बोट घालून आतली हवा फुसकन बाहेर काढावी लागते. नाहीतर पाण्यात पाय फुग्यासारखे वर तरंगू लागतात.

व्हीएचएफ रेडिओ (बोलण्यासाठीचा बिनतारी संच), संकटसंदेश पाठवणारे उपकरण आणि शिट्टी लाइफ जॅकेटच्या खिशात हवी, कारण वाऱ्याने कयाक दूर गेली तर आपल्यापाशी उरते ते फक्त अंगावरचे. राखीव वल्हे डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर, तर गरम चहाचा थर्मास आणि लोकरीची टोपी बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशा छोट्या हॅचमध्ये.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना इथे एक सवय मोडावी लागते. पाठीवरच्या सॅकमध्ये जड वस्तू पाठीलगत आणि थोड्या वर ठेवतात. कयाकमध्ये त्या तळाला आणि बैठकीच्या जितक्या जवळ ठेवता येतील तितक्या ठेवायच्या. पाणी, इंधन आणि डबे मध्याकडे, झोपण्याची पिशवी आणि कपडे टोकांकडे. पुढचे टोक जड झाले तर कयाक सारखी वारा जिकडून येतो तिकडे तोंड वळवते, आणि मग दिवसभर एकाच बाजूने जोर लावून दंड भरून येतात. ड्रायबॅगही (पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्या) मोठ्या दोन-तीन घेण्यापेक्षा ५ ते १० लिटरच्या पुष्कळ घ्याव्यात. मोठी पिशवी हॅचच्या तोंडातून जात नाही आणि गेली तरी निमुळत्या टोकात न बसता कोपऱ्यांत रिकामी जागा सोडते. तंबूचे खांब कापडाबरोबर न गुंडाळता सुटे ठेवले की ते बाजूच्या फटीत सरकतात. पिसांची झोपण्याची पिशवी हलकी असते, पण ओली झाली की फुगत नाही. या पावसाळी किनाऱ्यावर मी कृत्रिम धाग्यांचीच पसंत करेन, जागा जास्त खाल्ली तरी चालेल.

खाण्याचा प्रश्न अस्वलांमुळे वेगळा होतो. या किनाऱ्यावर काळी अस्वले आहेत, त्यामुळे वास येणारे सर्व काही, अगदी टूथपेस्टसुद्धा, त्यांना उघडता न येणाऱ्या कडक डब्यात आणि तंबूपासून लांब ठेवायचे. हा डबा पुष्कळ कयाकच्या पुढच्या गोल हॅचमध्ये शिरत नाही, म्हणून घरीच घालून पाहावा. मेतकूट, भाजलेले पोहे, मुगाची डाळ आणि तांदूळ हे सामान वजनाला कमी आणि शिजायला झटपट. फोडणीचा मोह मात्र आवरावा, कारण तिचा वास लांबवर जातो. चूलही भरती जिथवर येते त्या पट्ट्यातच मांडतात, म्हणजे सांडलेले अन्न भरतीचे पाणी धुऊन नेते.

त्या भरतीचा विचार सामान भरतानाही करावा लागतो. इथे पाण्याची पातळी काही वेळा ४ मीटरहून अधिक बदलते आणि भरलेली कयाक दोघांनाही धड उचलत नाही. त्यामुळे ती रिकामीच काठाशी न्यायची आणि तिथेच भरायची. मुक्कामी उतरल्यावर सगळ्या लहान पिशव्या एका मोठ्या जाळीदार झोळीत टाकून वर न्यायच्या, मग हलकी झालेली कयाक भरतीच्या रेषेच्या वर ओढून झाडाला दोराने बांधायची. तो दोर हॅचमध्ये सगळ्यांत वर ठेवावा.