आमची वाटचाल – सावंतवाडीचं आमचं ऑटो इलेक्ट्रिक

बाबांनी गाळा घेतला तेव्हा सगळं डायनॅमोचं, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या जुन्या यंत्राचं काम, आर्मेचर (आतली फिरणारी गुंडाळी) रिवाइंड करा, कम्युटेटर (तिच्या टोकाची तांब्याची पट्ट्यांची रिंग) घासा, कटआउटचे (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणारा स्विच) पॉइंट सेट करा. त्यांचा ग्रोलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं यंत्र, अजून बेंचवर आहे, लोक म्हणतात भंगारात घाल, मी घालणार नाही. पुढे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आले, मी गाळ्यावर बसायला लागलो, चार पैसे सुटत गेले.

सांगायचंय ते सॅन स्टॉर्म या गाडीचं. 1998 च्या सुमाराची टू सीटर, रेनोचं 1149 सीसी इंजिन, बॉडी फायबरची. बांद्याच्या डॉक्टरांची. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर, वायपर मरगळलेले, बॅटरी सारखी डाउन. हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपने आधी बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर, मग परत अल्टरनेटर, आणि तरीही जमेना तेव्हा सांगितलं की सावंतवाडीवाल्याने, म्हणजे मी, गाण्यांचा टेप बसवताना वायरिंग जाळलंय. मी त्या गाडीला तोवर हातसुद्धा लावला नव्हता! पण बाजारात बोंब व्हायची ती झालीच, गिऱ्हाईक तुटलं, गाळ्याचं भाडं थकलं, हाताखालचा पोरगा सोडून गेला, आणि त्या लोकांनी आजपर्यंत एका शब्दाने चूक मान्य केलेली नाही.

डॉक्टर मात्र सरळ गाळ्यावर आले. "तू केलंस काय रे?" म्हटलं, नाही डॉक्टर. "मग काय झालंय ते शोध."

फायबरला करंट जात नाही, म्हणजे प्रत्येक दिव्याची अर्थ (करंटची परतीची वाट) वायरनेच चॅसीपर्यंत आणावी लागते, आणि आपल्याकडची खारी दमट हवा नेमकी तिथेच खाते, यात गाडीचा काही दोष नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्थ नीट असेल तर 0.2 व्होल्टच्या आत हवं, दाखवलं 1.1. म्हणजे अल्टरनेटर 14 बनवतोय आणि बॅटरीला मिळतायत जेमतेम 13. इंजिनची अर्थ पट्टी सोडली तर बोल्टखाली सगळी हिरवी पूड. पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, नवी पट्टी, लग (टोकाची बोल्टात बसणारी कडी) दाबून वर सोल्डर, ग्रीस, शिवाय अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर. बॅटरीवर 14.2, काटा जागच्या जागी.

आणि एक सांगतो, चार्जिंग बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढू नका, कितीही जुना मेकॅनिक सांगू दे, अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) उडतात. चावी दिल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागत नसेल तर आधी तो बल्ब बघा, बऱ्याच गाड्यांत त्याच्यातूनच अल्टरनेटर जागा होतो.

डॉक्टरांच्या अजून सगळ्या गाड्या आमच्याकडेच येतात. त्या वर्कशॉपने खराब म्हणून काढलेले दोन्ही अल्टरनेटर त्यांनी डिकीत जपून ठेवले होते. मी बेंचवर फिरवून बघितले, दोन्ही 14 च्या वर चार्ज करतात. गाळ्यात कपाटावर ठेवलेत, ज्याला शंका असेल त्याने यावं, समोर फिरवून दाखवतो.