सक्तीचा कपडा

आमचा धंदा शाळेच्या युनिफॉर्मचा. सोलापूरच्या पूर्व भागात बारा मशिनी आहेत. जूनच्या आधी दोन महिने झोप नसते, नंतर निवांत. कुठंही गेलो तरी माझी नजर आधी लोकांच्या शिलाईवर जाते. भूतानला गेलो तेव्हाही तेच. मतदार कार्डावर परमिट मिळतं, पण माणशी रात्रीला १२०० रुपये त्यांच्या सरकारला द्यावे लागतात. बायको म्हणाली, "एवढ्यात तुळजापूर-अक्कलकोट धा वेळा झालं असतं."

गाइड पंचविशीतला पोरगा. अंगात घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, कमरेला पट्टा, खाली लांब मोजे. पट्ट्याच्या वर कापडाचा जो फुगा राहतो तोच खिसा. त्यातून त्यानं मोबाइल, पाण्याची बाटली, आमची परमिटं एकामागून एक काढली. सरकारी कचेरीत, शाळेत, जोंगमध्ये हा वेश सक्तीचा. जोंग म्हणजे मठ आणि कचेरी एकाच किल्ल्यात. आत शिरताना खांद्यावर उपरणं घ्यावं लागतं. सामान्य माणसाचं पांढरं, मंत्र्याचं नारिंगी. उपरण्यावरून हुद्दा!

"सक्तीचा राग येत नाही का?" मी विचारलं.

"थंडीत गुडघे गारठतात, तेवढाच," तो म्हणाला. त्याच्या घरात खरी चिडचिड तंबाखूवरून झाली होती. २००४ साली विक्री बंद झाली, २०१० च्या कायद्यानं तर चोरून आणलेल्या तंबाखूसाठी तुरुंग. बाप घराच्या मागं लपून ओढायचा आणि हा लहानपणी पहाऱ्याला उभा असायचा. २०२१ मध्ये ती बंदी उठली. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतल्या बायका विड्या वळतात, त्यामुळं मला हसू आलं. तो हसला नाही.

गाडीचा ड्रायव्हर दक्षिणेकडचा, घरी नेपाळी बोलणारा. १९८९ साली घोची सक्ती त्याच्या लोकांवरही आली, शाळेतून नेपाळी गेली, १९५८ साली इथंच राहत होतो याचे कागद मागितले गेले. लाखभर माणसं देशाबाहेर गेली, नेपाळातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली आणि पुढं बरीचशी अमेरिकेत. त्याला याबद्दल विचारलं. त्यानं आरशातून एकदा माझ्याकडं बघितलं आणि गाण्याचा आवाज वाढवला. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायलाच नको होतं, असं हॉटेलवर आल्यावर वाटलं. मी चार दिवसांत परत जाणार, त्याला तिथंच राहायचंय.

कपड्यावरून आमच्या गावानंही सोसलंय. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा सोल्जर डोक्यावरची गांधी टोपी काढायला लावायचे. आजोबा सांगायचे, टोपी घडी करून बंडीत ठेवायची आणि बोळात शिरलं की घालायची. पुढं १२ जानेवारी १९३१ ला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या तोंडावर, त्या आंदोलनातल्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या चार पुतळ्यांपाशी मी रोज सिग्नलला थांबतो, पण वर बघतोच असं नाही.

आमच्या कॉलनीचा वॉचमन नेपाळचा, अछामचा. त्याला कतारला जायचं होतं. त्यासाठी श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाचा त्यांचा सरकारी परवाना लागतो, एजंटाचे पैसे लागतात. सोलापूरला यायला यातलं काही लागलं नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळं पासपोर्टही नको. धनगढीहून गौरीफंट्याची हद्द ओलांडली, बस धरली, आला. पण २०२५ च्या सप्टेंबरात त्यांच्या सरकारनं फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप धरून २६ ॲपं बंद केली आणि रोज रात्री नऊला मोबाइलवर दिसणारी त्याची मुलगी दिसेना. साध्या फोनला बॅलन्स पाण्यासारखा जातो. वायबर नावाचं ॲप चालू होतं, ते माझ्या पोरानं त्याला टाकून दिलं. पण तिकडं मुलीला कोण टाकून देणार? ८ तारखेला काठमांडूत पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, एका दिवसात १९ जण गेले. बंदी त्याच रात्री उठली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. मी खाली जाऊन म्हटलं, "अब तो खुश?" तो मुलीशीच बोलत होता. मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. शिट्टी गळ्यात अडकवून राउंडला गेला.

भूतानहून आल्यावर कारखान्यात सगळ्यांना फोटो दाखवले. आमच्याकडं पंधरा वर्षं काज-बटण करणाऱ्या अक्का आहेत. त्यांनी फोटो मोठा करून आधी शिवण बघितली.

"खिसा चांगलाय वो. बायकांना पण असतंय का?"

"नाही. त्यांची किरा वेगळी असते."

"मग काय उपयोग." थोडं थांबून, "हे सगळ्यांना घालावंच लागतंय?"

"शाळेत, ऑफिसात, हो. सक्ती आहे."

मला पुढं सक्तीबद्दल काहीतरी बोलायचं होतं. वाक्य जुळवतच होतो. अक्का हिशोबाला लागल्या होत्या.

"किती माणसं हायत त्या देशात?"

"सोलापूर शहरापेक्षा कमी."

"तरी पण शेठ," अक्का म्हणाल्या, "आर्डर केवढी होईल वो!"