दोन जावा, एक खुर्ची: डिचोलीतल्या आमच्या पार्लरची वाटचाल

सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लिजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. आमच्या घरचे ट्रक अंगणात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र धावत होते. धाकट्या जावेने लग्नाआधी आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स केला होता. मला हिशेब जमत होता. पार्लर सुरू झाले ते एवढ्या भांडवलावर. हौस वगैरे नंतरची.

पैशांसाठी पहिल्या बँकेत गेलो, तर साहेबांनी ट्रकच्या थकलेल्या हप्त्यांचा कागद पुढे केला. कर्ज नवऱ्यांचे आणि धंदा आमचा, हे त्यांना पटेना. दुसऱ्या शाखेतून मुद्रा या सरकारी योजनेचे शिशु कर्ज मिळाले. त्याची मर्यादा ५० हजार. तेवढ्यात एक खुर्ची, आरसा, वॅक्स हीटर आणि स्टीमर आला. केस धुवायचे बेसिन पुढच्या वर्षावर गेले. नगरपालिकेचा परवाना आणि कमर्शियल मीटर यांचा खर्च धरलाच नव्हता असे बऱ्याच जणी सांगतात. आम्ही धरला होता, तरी तो जड गेलाच.

गोव्यातले पार्लर म्हटले की बाहेरच्यांना कळंगुटचे स्पा दिसतात. आमच्याकडे पर्यटक येत नाही. आमची गिऱ्हाईक बुधवारच्या बाजाराला आलेली बाई. हातात सुक्या मासळीची पिशवी, बसची वेळ डोक्यात, आणि मधल्या पंधरा मिनिटांत भुवया करून हव्यात. आमचे भाडे थ्रेडिंगने भरले, ब्रायडलने नाही. त्याला लागतो दोरा आणि हात. पावसात वीज गेली की वॅक्स थंड पडते, दोऱ्याचे काम खिडकीच्या उजेडातही होते.

खरा घोर पंचांगाचा. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नाहीत, म्हणजे चार महिने नवरी नाही. मध्येच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते आणि आठवडाभर दारात पाय ठेवायला जागा नसते. मग पुन्हा शांत. तुळशीचे लग्न लागले की मेपर्यंत धावपळ. एप्रिल-मेच्या कमाईतून पावसाळ्याचे भाडे बाजूला काढले नाही तर ऑगस्टमध्ये उसने घ्यावे लागतात, आणि उसने घेतलेल्या शेजारणीकडून फेशियलचे पैसे कोणत्या तोंडाने मागणार? नात्यातल्या सवलतीवर तर वेगळा लेख होईल. २०२० च्या टाळेबंदीत दार बंदच राहिले. तेव्हा हेच बाजूला काढलेले पैसे कामाला आले.

चवथीच्या गर्दीतच केसांच्या रंगाचा वाद होतो. काळ्या-तपकिरी रंगांत बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. टाळूवर खाज, डोळे सुजणे, कधी त्याहून वाईट. म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडासा रंग लावून पाहायचा. हे खोक्यावरही छापलेले असते, पण वाचतो कोण? गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायच्या आदल्या संध्याकाळी बाई येते, "कांय जायना, लाय गे!" (काही होत नाही, लाव गं!) म्हणते. जाऊ ऐकत नाही. अशी गिऱ्हाइके उठून दुसरीकडे गेली, त्यातल्या काही अजून आमच्याकडे बघून मान वळवतात. "मग काळी मेंदी लाव" असेही सांगतात. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस. ती झटपट काळी येत असेल तर आत बहुधा तेच रसायन असते.

नवरीच्या मेकअपचे निराळे. दोन शेड गोरी करा, असे नवरीपेक्षा तिची आई सांगते. मे महिन्यात देवळाच्या सभागृहात, त्या दमट हवेत, जाड थर तासाभरात फुटतो आणि फोटोत चेहरा राखाडी दिसतो. आम्ही तिच्याच रंगाचा पातळ बेस लावतो. दिवाडी बेटावरची नवरी असली की पहाटे नार्वेच्या फेरीबोटीवर बॅग सांभाळत उभे राहायचे. फेरी चुकली तर मुहूर्त आपल्यासाठी थांबत नाही.

कामाला घेतलेली मुलगी शिकवून तयार केली की ती किनाऱ्यावरच्या स्पामध्ये जाते. तिथला पगार आम्हाला परवडत नाही, तिला दोष देण्यात अर्थ नाही. आता पगाराबरोबर प्रत्येक कामावर टक्केवारी देतो, आणि लग्नाच्या ऑर्डरीवर तिचा वाटा ठरलेला असतो. सध्याची टिकली आहे.

आमची उलाढाल २० लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटी नोंदणी नाही. म्हापशाच्या मोठ्या सलूनच्या बिलावर १८ टक्के चढायचे, ते आमच्या फायद्याचे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ५ टक्के झाला आणि फरक आटला. दर उतरवून त्यांच्याशी झुंजणे शक्य नाही. म्हणून यंदा जावेने वहीत चवथीचे वेगळे पान केले आहे: रंग हवा असेल तिने तयेच्या (चवथीच्या आदल्या दिवसाच्या) निदान तीन दिवस आधी कान दाखवून जायचे, तपासणीचे पैसे नाहीत. पानावर नावे यायला लागली आहेत. त्यात मान वळवणाऱ्यांपैकीही एक आहे.