दिसलं का?

मला एक डोळा मिटता येत नाही. एक मिटायला गेलं की दुसराही सोबत म्हणून मिटतो. एरवी यानं काही अडत नाही, डोळा मारायची वेळ आयुष्यात फारशी आलीच नाही. पण आकाशदर्शनाला वांगणीच्या माळावर, थंडीत, मागे तीसचाळीस माणसं खोळंबलेली असताना दुर्बिणीपुढे वाकलं की अडतं. मी तळहातानं डावा डोळा झाकला, उजवा भिंगाला लावला. काळोख. मग स्वतःचीच पापणी. मग पुन्हा काळोख.

"दिसला का शनी?" दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या मुलानं विचारलं.

"हो हो, मस्त!" म्हणाले आणि बाजूला झाले.

मागून लेक आली. तिनं डोळा लावला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मला काहीच दिसत नाहीये." रांगेत चुळबुळ झाली. मी तिला दबक्या आवाजात म्हणाले, "नीट बघ गं, लोक थांबलेत." त्या मुलानं स्वतः डोळा लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पृथ्वी फिरते ना, तो म्हणाला, मिनिटभरात ग्रह सरकून जातो. शनी केव्हाच भिंगाबाहेर गेला होता. म्हणजे तिच्या आधीच्या तीन-चार जणांनी कोऱ्या आकाशाकडे बघून 'वा' म्हटलं होतं. त्यातली एक मी. बाकीचेही एकमेकांकडे न बघता चहाच्या दिशेनं पांगले.

हे माझं जुनं आहे. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी दुसरीत होते. मार्च महिना. बाबांनी पहाटे चारला उठवून मिरजेच्या घराच्या गच्चीवर नेलं. मी आईच्या शालीत गुंडाळलेली, बाबांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण. त्यावर बॅटरी मारायची, मग आकाशाकडे बघायचं, पुन्हा कात्रण. "तो बघ, त्या नारळाच्या जरा वर. धुरकट. दिसला?" मला नारळ दिसत होता. "दिसला," मी म्हणाले. बाबा इतके खूश झाले की पुढे शाळेत 'मी पाहिलेला धूमकेतू' हा निबंधही लिहावा लागला. शेपटीला मी मोराच्या पिसाऱ्याची उपमा दिली होती. दहापैकी आठ गुण. चार वर्षांपूर्वी एकदा जेवताना बाबांना हे सगळं सांगून टाकलं, तर त्यांना हसून ठसका लागला. म्हणाले, "अगं, मला तरी कुठे दिसला होता!"

पण आपल्याकडे हे चालतंच. संकष्टीला कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ असते आणि बाहेर ढग. कोणीतरी गॅलरीत डोकावून "उगवला असेल" म्हणतं आणि पानं वाढली जातात. आणि लग्नात अरुंधतीचा तारा! आमच्या लग्नात गुरुजींनी दुपारी साडेबाराला अरुंधती दाखवली. ते बोट करत होते तिथे कार्यालयाचं छत होतं, पंखा होता आणि पंख्याच्या दांड्याला आदल्या कुठल्याशा बारशातला मलूल फुगा अडकला होता. "दिसली का?" आम्ही दोघंही एका सुरात "दिसली" म्हणालो. संसाराची सुरुवातच अशी एकमतानं.

गॅलिलिओला १६१० साली शनीच्या दोन बाजूंना कानांसारखं काहीतरी दिसलं. १६१२ साली बघतो तर कान गायब. काय बोलावं कळत नाही, असं त्यानं पत्रात सरळ लिहून टाकलं. ती कडी असतात आणि दर चौदा-पंधरा वर्षांनी आपल्याला नेमकी कडेनं दिसतात, म्हणून नाहीशी झाल्यासारखी वाटतात. हा उलगडा व्हायला १६५९ साल उजाडलं. नेमकं आमच्याही वाट्याला असंच कडी हरवण्याचं वर्ष आलं होतं. २०२५ मध्ये कडी पुन्हा कडेवर. डिसेंबरातही जेमतेम रेघ. सासूबाई दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हा तर टाचणी टोचलेला साबुदाणा!" त्यांना दिसलं होतं, यात शंका नाही.

मी पुन्हा रांगेला लागले, पण शनी मावळतीला टेकला आणि दुर्बीण गुरूकडे वळली. मग दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमधला कोमट चहा. कुणाचा मोबाइल उजळला की अंधारातून पन्नास जणांचं "ए, बंद कर!" टॉर्चवरही लाल जिलेटिन लावायचं, नाहीतर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची वीस मिनिटांची मेहनत वाया. बदलापूरच्या अंगाला आकाश पहाट झाल्यासारखं पिवळं होतं, रात्रभर. नवरा एव्हाना कानटोपी नाकापर्यंत ओढून सतरंजीवर घोरत होता.

तीनच्या सुमारास सप्तर्षी वर आले. हिरव्या लेझरची रेघ एकेका ऋषीवरून सरकत शेपटीच्या टोकाकडून दुसऱ्या ताऱ्यावर थांबली. हा वसिष्ठ. आणि त्याला लागून बघा. इथे दुर्बीण नाही, रांग नाही, डोळा मिटायचा नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी बघत राहिले. आधी काही नाही. मग वसिष्ठाच्या अगदी खांद्याशी एक बारीक ठिपका, नाकातल्या चमकीएवढा. नजर हलली तरी हलेना. होताच तो तिथे.

मी नवऱ्याला गदागदा हलवलं. "अहो, उठा! अरुंधती! खरीखुरी! ती बघा, वसिष्ठाशेजारी."

त्यानं टोपी वर न करताच मान हलवली. "दिसली, दिसली," म्हणाला आणि कूस बदलली.