दुसरं गेट

"हात वर घे, छातीपाशी धर," मागून एक बाई म्हणाली आणि तेव्हा कळलं की माझे हात खालीच अडकलेत, मोबाईल काढणं तर सोडाच, कोपरसुद्धा हलेना.

कार्यक्रम नुकताच संपलेला, सगळे एकाच गेटकडे. मी चालत नव्हतोच, मला नेलं जात होतं, कधी डावीकडे कधी उजवीकडे, लाट आल्यासारखं. मागचे "चला ना पुढे" ओरडत होते, त्यांना पुढचं काही दिसतच नव्हतं, त्यांची तरी काय चूक म्हणा.

बाहेर पडून बघतो तर थोड्याच अंतरावर दुसरं गेट, कुलूप लावलेलं! व्हॉलंटियरला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "ते उघडलं की फुकटे घुसतात ना सर."

अरे बाबा, प्रोग्राम संपलाय, आता कोण घुसतंय?

घरी येऊन वाचत बसलो. एका चौरस मीटरमध्ये ५-६ च्या वर माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, एका टोकाचा धक्का पार लांब पोचतो. आणि माणसं बऱ्याचदा पायाखाली येऊन नाही, उभ्या उभ्या दबून, श्वास घेता न आल्यामुळे जातात. २०१० ला जर्मनीत ड्युइसबर्गच्या लव्ह परेड या संगीत महोत्सवात २१ जण गेले, तिथेही आत यायला आणि बाहेर पडायला रस्ता एकच. बातम्यांत मात्र नेहमी 'लोक घाबरून पळाले'.

त्या कुलपाची किल्ली नक्की कुणाकडे होती, हे विचारायचं राहूनच गेलं.