एक नट, एक फळी आणि ड्यूक

आपल्याकडे एकपात्री म्हटलं की टोपी बदलली की माणूस बदलतो, आवाज बदलला की गाव बदलतं. हवाई बेटांवरच्या होनोलुलूत परवा पाहिलेल्या प्रयोगात तसलं फारसं काही नव्हतं. रंगमंचावर एक लांब लाकडी फळी, कोपऱ्यात ढोल आणि अनवाणी आलेला धिप्पाड नट. एवढ्या भांडवलावर त्याने सव्वा तास ड्यूक काहानामोकू उभा केला, हवाईचा ऑलिंपिक विजेता जलतरणपटू आणि फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणारा सर्फर.

हे नाव माहीत नसलेलं माणूस इथे शोधून सापडणार नाही. ड्यूक जन्मला १८९० साली, तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. तीन वर्षांत राणीची सत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. म्हणजे ज्या देशाच्या वतीने तो पुढे ऑलिंपिकमध्ये उतरला, त्या देशात तो जन्मलाच नव्हता. नटाने हे जाता जाता सांगितलं आणि लगेच पोहायला लागला. पोहायला म्हणजे फळीवर पालथा पडून. पाठीचे स्नायू, श्वासासाठी एका बाजूला वळणारी मान, पायांची ती प्रसिद्ध जलद फडफड. खालचं पाणी आपलं आपण कल्पायचं.

हशा पिकला तो १९११ च्या प्रसंगाला. होनोलुलू बंदरात ड्यूकने १०० यार्ड ५५.४ सेकंदांत कापले, जागतिक विक्रमापेक्षा तब्बल ४.६ सेकंद कमी. तिकडे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या क्रीडा संघटनेला हे काही केल्या पटेना. वेळ काय गजराच्या घड्याळावर मोजलीत का, असं त्यांनी विचारलं म्हणे! मग समुद्राच्या प्रवाहाचं निमित्त निघालं. नटाने साहेबी थाटात घड्याळ कानाला लावून हलवलं आणि थिएटर खदखदलं. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये ड्यूक १०० मीटरचं सुवर्ण घेऊन मोकळा झाला. १९२० ला अँटवर्पमध्ये आणखी दोन.

पॅरिस १९२४ मात्र घाईत उरकलं. तिथे जॉनी वाइसमुलर पहिला, ड्यूक दुसरा आणि ड्यूकचा सख्खा भाऊ सॅम तिसरा. वाइसमुलर पुढे पडद्यावरचा टारझन झाला, ड्यूकच्या वाट्याला हॉलिवूडच्या किरकोळ भूमिका आल्या. यात अख्खं नाटक दडलंय, आणि लेखकाने ते दोन वाक्यांत सोडून दिलं. पेट्रोल पंपावर काम करणारा ऑलिंपिक विजेताही असाच निसटता दिसला. तेव्हाच्या हौशी खेळाडूंना खेळाचे पैसे घेता येत नसत, हे सांगितलं असतं तर तो प्रसंग जास्त झोंबला असता.

ती सगळी कसर बोटीच्या प्रसंगाने भरून काढली. १४ जून १९२५, कॅलिफोर्नियात कोरोना डेल मारच्या किनाऱ्यापाशी मोठ्या लाटांत ‘थेल्मा’ नावाची बोट उलटली. १७ जण बुडाले, १२ वाचले. त्यांतल्या आठ जणांना ड्यूकने सर्फबोर्डवर घालून आणलं. ढोल थांबला. नट फळी ढकलत या विंगेतून त्या विंगेत जायचा, वाकून कुणालातरी बखोटीला धरून वर ओढायचा आणि परत फिरायचा. तिसऱ्या खेपेला त्याचे दंड खरोखर थरथरत होते. माझ्या शेजारच्या आजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या हाती सर्फबोर्ड येण्यामागे या घटनेचा मोठा वाटा आहे.

होनोलुलूच्या वाइकीकी किनाऱ्यावरच्या त्याच्या पुतळ्याचा विषय प्रयोगात निघालाच नाही. १९९० मध्ये बसवलेला हा पुतळा समुद्राकडे पाठ करून उभा आहे. ज्याला लाटा कळतात तो पाण्याकडे पाठ फिरवत नाही, अशी इथल्या जुन्या मंडळींची कुरकुर आजही चालते. पर्यटकांना फोटोत समुद्र हवा असतो, हे उघड आहे.

कुणी इकडे येणार असाल आणि असा प्रयोग लागलेला असेल तर जरूर बघा. इंग्रजी सोपं आहे. अधूनमधून हवाईयन ओव्या येतात, त्या सुरावरच समजतात. फक्त अगदी लहान मुलांना नेऊ नका, बोटीचा भाग त्यांना जड जाईल.